निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती : इतिहासाचे साधन म्हणून एक चिकित्सक अभ्यास

सारांश

मुष्टियुद्धाचा इतिहास दीर्घकाळ निकालपत्रके, वृत्तपत्रीय वर्णने आणि चित्रफिती यांच्या आधारे लिहिला गेला. गेल्या दोन दशकांत पॉडकास्ट या ध्वनिमाध्यमामुळे निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या प्रदीर्घ मुलाखती मोठ्या संख्येने उपलब्ध झाल्या आहेत. त्यांतून कारकिर्दीची दडलेली बाजू आणि निवृत्तीनंतरचे जीवन प्रकाशात येते. तथापि, या मुलाखती ज्या स्मृतीवर आधारलेल्या असतात, तिलाच या खेळाने इजा केलेली असू शकते. आणि ज्यांना सर्वाधिक इजा झाली ते मुलाखतीपर्यंत पोहोचतच नाहीत. प्रस्तुत निबंधात प्रामुख्याने अमेरिका व ब्रिटन येथील उदाहरणांच्या आधारे या साधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासल्या आहेत.

बीजसंज्ञा : मुष्टियुद्ध, मौखिक इतिहास, पॉडकास्ट, स्मृती, मेंदूची इजा, साधनचिकित्सा.

प्रस्तावना

मुष्टियोद्ध्याची कारकीर्द आकड्यांत मांडण्याची प्रथा फार जुनी आहे. मुहम्मद अली यांच्या नावावर ६१ व्यावसायिक लढती, ५६ विजय आणि ५ पराभव आहेत. जो लुईस हे १९३७ ते १९४९ या काळात जगज्जेते होते आणि त्यांनी २५ वेळा अजिंक्यपद राखले. हे आकडे बिनचूक आहेत, परंतु ते शेवटच्या लढतीपाशी थांबतात. मुष्टियोद्धा साधारणतः पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे, म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग, कोणत्याही निकालपत्रकात येत नाही.

जो लुईस यांचेच उदाहरण घ्यावे. १९४२ मध्ये त्यांनी दोन लढतींचे मानधन अमेरिकी नौदल व भूदलाच्या मदतनिधींना दिले. पुढे करखात्याची थकबाकी व्याजासह वाढत गेली. १९४९ मध्ये निवृत्त झालेल्या लुईस यांना १९५० मध्ये रिंगमध्ये परतावे लागले आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये रॉकी मार्सियानो यांच्याकडून पराभव पत्करावा लागला. नंतर त्यांनी व्यावसायिक कुस्तीतही भाग घेतला आणि अखेरच्या काळात लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करण्याचे काम केले. मार्सियानो यांच्याविरुद्धचा पराभव निकालपत्रकात आहे. तो ज्या कर्जापोटी झाला त्याची नोंद तेथे नाही. ही उणीव भरून काढण्याचे एक साधन म्हणजे निवृत्त खेळाडूची स्वतःच्या शब्दांतील कथा होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मुलाखतींची परंपरा थोडक्यात स्पष्ट करणे.
२. लिखित नोंदींत न आढळणारी कोणती माहिती या मुलाखतींतून मिळते, याचा शोध घेणे.
३. स्मृती, सराव आणि शारीरिक इजा यांमुळे या साधनावर येणाऱ्या मर्यादा तपासणे.
४. अशा मुलाखती घेताना व वापरताना पाळावयाच्या पथ्यांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मराठी वाचकाला साधनचिकित्सेचा हा प्रश्न अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. समकालीन अस्सल पत्रे आणि घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेल्या बखरी यांच्या विश्वसनीयतेची तुलना तेव्हापासून मराठी इतिहासलेखनात सातत्याने होत आली आहे. निवृत्त मुष्टियोद्ध्याची मुलाखत ही जातीने बखरीच्या जवळची आहे. ती घटनेनंतर सांगितलेली असते, सांगणाऱ्याचा अभिमान व खंत तिच्यात मिसळलेली असते आणि ऐकणाऱ्याच्या अपेक्षेनुसार तिला वळण मिळते. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. तिची पारख मात्र करावी लागते.

मुलाखतींची परंपरा : ग्रंथ ते पॉडकास्ट

निवृत्त मुष्टियोद्ध्यांना बोलते करण्याची सुरुवात पॉडकास्टने झाली, असे म्हणता येत नाही. पीटर हेलर यांनी १९७३ मध्ये ४० जगज्जेत्यांची कथने त्यांच्याच शब्दांत ग्रंथबद्ध केली. थॉमस हाउझर यांचे १९९१ चे मुहम्मद अली यांचे चरित्रही मोठ्या प्रमाणात अली व त्यांच्या सहवासातील व्यक्तींच्या मुलाखतींवर उभे आहे. मात्र ग्रंथात येताना बोलणे संपादित होते. अडखळणे, पुनरुक्ती, दीर्घ विराम आणि अर्धवट सोडलेली वाक्ये छापील पानावर उरत नाहीत.

'पॉडकास्ट' हा शब्द २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम आला. पुढील काळात हे माध्यम स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाले. वृत्तवाहिनीवरील पाच मिनिटांच्या मुलाखतीऐवजी तास-दीड तासाचे संभाषण शक्य झाले आणि केवळ जगज्जेत्यांपुरता असलेला मान दुय्यम फळीतील खेळाडूंनाही मिळू लागला. ब्रिटिश लेखक ट्रिस डिक्सन यांची 'बॉक्सिंग लाइफ स्टोरीज' ही मालिका या प्रकारची आहे. याच लेखकाने २०२१ मध्ये मुष्टियुद्धातील मेंदूच्या इजांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ही बाबही लक्षणीय आहे. जीवनकथा ऐकणारा माणूस अखेर इजेच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो, असा हा प्रवास दिसतो.

काही वेळा मुलाखतकार स्वतःच निवृत्त मुष्टियोद्धा असतो. माइक टायसन यांनी २०१९ मध्ये स्वतःचा पॉडकास्ट सुरू केला. २०२० मध्ये शुगर रे लेनर्ड यांच्याशी बोलताना, आपल्यातील लढवय्या आता उरलेला नाही आणि त्याच्यावाचून आपण रिते झालो आहोत, या आशयाचे उद्गार काढताना त्यांना अश्रू आवरले नाहीत. कारकिर्दीत तीस कोटी डॉलरांहून अधिक कमाई केल्याचे सांगितले जाणाऱ्या टायसन यांनी २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. ती आर्थिक घटना न्यायालयीन कागदांत आहे. पण निवृत्तीनंतर मनाची होणारी पोकळी कोणत्याही कागदावर नव्हती. ती एका मुष्टियोद्ध्याने दुसऱ्या मुष्टियोद्ध्यासमोर बोलून दाखविली. नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी टायसन जेक पॉल यांच्याविरुद्ध पुन्हा रिंगमध्ये उतरले, तेव्हा त्यामागील प्रेरणा समजून घेण्यास हे संभाषण उपयोगी पडते.

उशिरा बाहेर येणारे सत्य

खेळत असताना मुष्टियोद्धा अनेक गोष्टी लपवितो. परवाना रद्द होण्याची, लढत हातची जाण्याची किंवा प्रतिस्पर्ध्याला कच्चा दुवा कळण्याची भीती त्यामागे असते. निवृत्तीनंतर ही भीती सरते. जो फ्रेझियर यांची डाव्या डोळ्याची दृष्टी अत्यंत क्षीण होती, हे त्यांनी कारकीर्द संपल्यावर उघड केले. ही माहिती हाती आल्यावर त्यांच्या लढतींची चित्रफीत नव्याने पाहावी लागते.

जेक लामोटा यांचे उदाहरण अधिक गंभीर आहे. १४ नोव्हेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली फॉक्स यांच्याकडून ते पराभूत झाले. त्या वेळी दुखापतीचे कारण पुढे करण्यात आले. जून १९६० मध्ये सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांच्या उपसमितीपुढे शपथेवर साक्ष देताना लामोटा यांनी ती लढत आपण जाणूनबुजून हरलो, असे मान्य केले. अजिंक्यपदाची लढत मिळावी म्हणून हा सौदा झाला होता. ती लढत त्यांना १९४९ मध्ये मिळाली आणि मार्सेल सेर्दां यांना हरवून ते जगज्जेते झाले. निकालपत्रकातील १९४७ चा पराभव आजही तसाच नोंदलेला आहे. त्याचा अर्थ मात्र निवृत्त खेळाडूच्या एका जबानीने बदलून टाकला. मुष्टियुद्धावरील गुन्हेगारी टोळ्यांच्या पकडीचा इतिहास लिहिताना ही जबानी टाळता येत नाही.

आर्थिक शोषणाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. अमेरिकेत १९९६ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्ध सुरक्षा कायदा आणि २००० मध्ये मुहम्मद अली यांच्या नावाने सुधारणा कायदा संमत झाला. लढतीतून प्रवर्तकाला मिळणारे उत्पन्न व त्याने केलेल्या कपाती यांची माहिती खेळाडूला देणे या दुसऱ्या कायद्याने बंधनकारक केले. कायद्याला अशी तरतूद करावी लागली, यावरूनच खेळाडूला पूर्वी किती अंधारात ठेवले जात असे, याची कल्पना येते. मानधनाचा किती वाटा प्रत्यक्ष हाती पडला, हा प्रश्न निवृत्तांच्या मुलाखतींत वारंवार का येतो, याचे उत्तरही येथेच आहे.

घोटलेली आठवण

मुलाखतीतील प्रत्येक विधान सारख्याच मोलाचे नसते. लामोटा यांनी १९६० मध्ये दिलेली साक्ष शपथेवरील होती. त्यानंतर १९७० मध्ये त्यांचे आत्मचरित्र आणि १९८० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'रेजिंग बुल' हा चित्रपट आला. २०१७ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निधन होईपर्यंत लामोटा हे चित्रपटातील लामोटा म्हणूनही ओळखले जात होते. अनेकदा सांगितलेली गोष्ट गुळगुळीत होत जाते. सांगणारा घटनेऐवजी आपल्याच मागील कथनाची आठवण सांगू लागतो. म्हणून एकाच खेळाडूच्या निरनिराळ्या काळांतील मुलाखती समोरासमोर ठेवून वाचणे आवश्यक ठरते.

एकाच घटनेच्या भिन्न आठवणींचे ठळक उदाहरण म्हणजे १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे झालेली अली-फ्रेझियर लढत होय. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझियर यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबविली. आपली पुढे खेळण्याची तयारी होती, असे फ्रेझियर आयुष्यभर सांगत राहिले. दुसऱ्या कोपऱ्यात अली यांनीही माघार घेण्याची इच्छा दर्शविली होती, असे सांगणारे साक्षीदार आहेत. अली यांचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी ते नाकारले. येथे कोणाचे खरे, याचा निवाडा केवळ मुलाखतींच्या आधारे होऊ शकत नाही. परंतु लढतीपूर्वी अली यांनी केलेल्या अपमानास्पद टिंगलीची सल फ्रेझियर यांच्या मनात किती खोल होती, याचा पुरावा मात्र त्यांच्याच बोलण्यात मिळतो. अली यांनी २००१ मध्ये त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. घटना तीन-चार दशकांपूर्वी संपली. तिचे मानवी परिणाम संपले नव्हते. स्मृती तपशिलात चुकली तरी भावनेच्या बाबतीत ती प्रमाण मानावी लागते, असे यावरून म्हणता येईल.

मुलाखतींचे आणखी एक ठरावीक वळण म्हणजे 'पतन आणि पुनरुत्थान'. जॉर्ज फोरमन हे १९७७ मध्ये निवृत्त होऊन धर्मोपदेशक झाले, १९८७ मध्ये परतले, ५ नोव्हेंबर १९९४ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी पुन्हा जगज्जेते झाले आणि स्वयंपाकाच्या एका उपकरणाला दिलेल्या नावामुळे संपन्नही झाले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ही कथा खरी आहे आणि ऐकणाऱ्याला उभारी देणारीही आहे. परंतु ती अपवादात्मक आहे. श्रोत्याला आवडणारा साचा म्हणून ती प्रत्येक मुलाखतीवर लादली गेल्यास उरलेल्या जीवनकथांवर अन्याय होतो.

आवाज हाच पुरावा

येथवर मुलाखतीतील आशयाचा विचार झाला. मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत मात्र आशयाइतकाच आवाजही महत्त्वाचा ठरतो. १९२८ मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी 'पंच ड्रंक' या शीर्षकाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हा शब्द त्यांनी घडविलेला नव्हता. ठोसे खाऊन झिंगल्यासारखे चालणाऱ्या व बोलणाऱ्या खेळाडूंसाठी तो रिंगभोवतीच्या लोकांत आधीपासून रूढ होता. रसिकांच्या कानांना व डोळ्यांना जे जाणवले होते, त्याला वैद्यकाने नंतर मान्यता दिली.

२०१७ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी अली यांचे चरित्रकार जॉनथन आइग यांच्या सहकार्याने केलेला अभ्यास या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. त्यांनी १९६८ ते १९८१ या काळातील अली यांच्या सार्वजनिक मुलाखतींचे ध्वनिमुद्रण तपासले. या तेरा वर्षांत अली यांच्या बोलण्याची गती २६ टक्क्यांनी मंदावल्याचे आढळले. सप्टेंबर १९७७ मधील अर्नी शेव्हर्स यांच्याविरुद्धच्या पंधरा फेऱ्यांच्या लढतीनंतर बोलण्यातील घसरण ठळक झाली होती. पार्किन्सन विकारसमूहाचे निदान १९८४ मध्ये झाले. म्हणजे निदानाच्या कित्येक वर्षे आधी हा बदल जगासमोर उघड्यावर, ध्वनिफितीत नोंदला जात होता. तरीही ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्स आणि डिसेंबर १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिक यांच्याविरुद्ध अली यांच्या लढती झाल्या.

अली यांचा आजार केवळ ठोशांमुळेच झाला, असे या अभ्यासाने सिद्ध होत नाही. एका व्यक्तीच्या बोलण्यावरून कार्यकारणभाव निश्चित करता येत नाही. परंतु इतिहासकाराला त्यातून एक महत्त्वाची दिशा मिळते. त्या मुलाखती घेताना पत्रकारांचे लक्ष अली काय बोलतात याकडे होते. ते कसे बोलतात, हा पुरावा चाळीस वर्षे त्याच फितींत पडून होता. आज घेतल्या जाणाऱ्या मुलाखतींतही असा पुरावा साठत आहे. म्हणूनच संपादनाच्या नावाखाली अडखळणे व विराम कापून टाकलेली मुलाखत ऐकण्यास सुखद असली, तरी साधन म्हणून ती दुबळी होते. मूळ ध्वनिमुद्रण तारखेसह जतन होणे आवश्यक आहे.

जे बोलू शकत नाहीत

या साधनाची सर्वांत मोठी मर्यादा येथेच आहे. मुलाखत तोच देतो ज्याला आठवते, बोलता येते आणि ज्याचा ठावठिकाणा लागतो. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी लंडन येथे नायजेल बेन व जेराल्ड मॅक्लेलन यांची लढत झाली. दहाव्या फेरीत मॅक्लेलन पराभूत झाले आणि कोसळले. मेंदूतील रक्तस्रावावर शस्त्रक्रिया होऊन त्यांचे प्राण वाचले, पण दृष्टी गेली आणि श्रवणशक्तीचीही मोठी हानी झाली. त्यापुढे त्यांचे जीवन बहिणींच्या शुश्रूषेवर अवलंबून राहिले. बेन त्या रात्रीविषयी बोलू शकतात व बोललेही आहेत. एकाच लढतीच्या दोन बाजूंपैकी एकच बाजू मुलाखतीच्या रूपाने आपल्यापर्यंत येते. दुसरी बाजू मिळवायची असेल तर शुश्रूषा करणाऱ्यांकडे जावे लागते. मुष्टियुद्धाच्या इतिहासात बहिणी, पत्नी व माता यांचे कथन हे पूरक साधन नसून काही वेळा एकमेव साधन असते.

वैद्यकाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९६९ मध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी ब्रिटनमध्ये १९२९ ते १९५५ या काळात नोंदणी झालेल्या व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांतून यादृच्छिक पद्धतीने नमुना निवडला आणि २२४ निवृत्तांची तपासणी केली. त्यांपैकी ३७ जणांत, म्हणजे सुमारे १७ टक्के व्यक्तींत, मुष्टियुद्धामुळे संभवणारी मज्जासंस्थेची हानी आढळली. १९७३ मध्ये कॉर्सेलिस व सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा मरणोत्तर अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या जीवनकथा नातेवाइकांच्या मुलाखतींतून जुळविल्या. मौखिक इतिहास व विकृतिशास्त्र यांचा हा संयोग आजही मार्गदर्शक आहे. रॉबर्ट्स यांनी नोंदवहीतून नावे निवडली. स्वतःहून पुढे येणाऱ्यांवर ते अवलंबून राहिले नाहीत. पॉडकास्टचा यजमान बहुधा नेमके याच्या उलट करतो. तो प्रसिद्ध, बोलका आणि उपलब्ध असलेला पाहुणा निवडतो. त्यामुळे शंभर मुलाखती ऐकूनही निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या सर्वसाधारण स्थितीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

मायकेल वॉटसन यांचे उदाहरण या दोन टोकांच्या मधले आहे. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर ख्रिस युबँक यांच्याविरुद्ध लढताना त्यांना गंभीर इजा झाली. ४० दिवस ते बेशुद्धावस्थेत होते. पुढे त्यांनी ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलविरुद्ध दावा लावला. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने, रिंगलगत तातडीच्या पुरेशा उपचारांची व्यवस्था न केल्याबद्दल मंडळाला जबाबदार धरले. २००३ मध्ये वॉटसन यांनी लंडन मॅरेथॉनचे अंतर सहा दिवसांत चालून पूर्ण केले. त्यांचे बोलणे संथ झाले होते. परंतु त्यांच्या बाजूने लागलेल्या निकालाने नंतरच्या पिढीसाठी रिंगलगतच्या वैद्यकीय व्यवस्थेचा प्रश्न कायमचा ऐरणीवर आणला.

भारतीय संदर्भ

भारतातील मुष्टियुद्ध मुख्यतः हौशी स्वरूपाचे आणि सैन्यदल, पोलीस व रेल्वे यांच्या आश्रयाने वाढलेले आहे. त्यामुळे येथील निवृत्त खेळाडूचे प्रश्न मानधनापेक्षा निवृत्तिवेतन, उपचार आणि विस्मरण यांच्याशी निगडित आहेत. लष्करातील कौर सिंग यांनी जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत मुहम्मद अली यांच्याशी प्रदर्शनीय लढत दिली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि १९८३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१७ मध्ये त्यांच्या आजारपणातील कर्जाची बातमी आली, तेव्हा हे नाव पुन्हा लोकांच्या कानावर पडले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातील मुरलीकांत पेटकर यांची कथा अधिक बोलकी आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ येथील पेटकर हे लष्करात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले आणि त्यांचे मुष्टियुद्ध संपले. जलतरणाकडे वळून १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल प्रकारात त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्रीसाठी २०१८ साल उजाडावे लागले आणि २०२४ मधील 'चंदू चॅम्पियन' या चित्रपटाने ते घराघरांत पोहोचले. पदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये ४६ वर्षांचे अंतर आहे. या अंतरातील जीवन सांगू शकणारी सर्वांत जवळची व्यक्ती म्हणजे स्वतः खेळाडू होय.

मुलाखतकाराची जबाबदारी

२४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्क येथे एमिल ग्रिफिथ यांच्या ठोशांनी बेनी पॅरेट बेशुद्ध झाले आणि दहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. वजनाच्या वेळी पॅरेट यांनी ग्रिफिथ यांच्या लैंगिकतेवरून त्यांना हिणवले होते. २००५ मध्ये ग्रिफिथ यांच्यावरील माहितीपटात त्यांची व पॅरेट यांच्या मुलाची भेट दाखविण्यात आली. एक माणूस मारल्याबद्दल समाजाने क्षमा केली, पण माणसावर प्रेम केल्याबद्दल केली नाही, अशा आशयाची खंत ग्रिफिथ यांनी उत्तरायुष्यात व्यक्त केली. २०१३ मध्ये निधन होण्यापूर्वी स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले होते. येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. ज्याची स्मृती ढासळत आहे, त्याची संमती कितपत खरी मानावी? त्याच्या अडखळत्या वाणीची नोंद हा पुरावा आहे आणि तीच नोंद त्याची मानहानीही ठरू शकते.

ब्रिटिश मुष्टियोद्धे फ्रँक ब्रुनो यांच्या अनुभवातून या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १९९५ मध्ये हेवीवेट जगज्जेते झालेले ब्रुनो २००३ मध्ये मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा एका वृत्तपत्राने त्यांची थट्टा करणारा मथळा छापला. वाचकांच्या संतापामुळे त्याच दिवशीच्या पुढील आवृत्तीत तो बदलावा लागला. त्यानंतर ब्रुनो यांनी स्वतःच्या आजाराविषयी स्वतःच्या शब्दांत बोलण्याचा मार्ग स्वीकारला आणि मानसिक आरोग्यासाठी काम उभे केले. इतरांनी दिलेले नाव आणि स्वतः सांगितलेली कथा यांतील हा फरकच मुलाखतीच्या माध्यमाचे खरे समर्थन आहे.

यावरून काही पथ्ये सुचतात. इजा झालेल्या खेळाडूची मुलाखत जवळच्या व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावी. प्रसिद्ध करण्यापूर्वी ती त्या दोघांना ऐकवावी. मूळ ध्वनिमुद्रण न कापता जतन करावे, पण ते सर्वांसाठी खुले करण्याची सक्ती मानू नये. आणि पराभूत, अल्पपरिचित व महिला खेळाडूंना जाणीवपूर्वक स्थान द्यावे. ब्रिटनमध्ये १९९८ पर्यंत महिलांना व्यावसायिक परवानाच मिळत नव्हता. जेन काउच यांनी तो कायदेशीर लढ्याने मिळविला. अशा खेळाडूंचा त्यापूर्वीचा इतिहास अधिकृत नोंदवहीत सापडणे कठीण असल्याने त्यांच्या कथनाचे मोल अधिक आहे.

निष्कर्ष

१. निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मुलाखतींमुळे निकालपत्रकांपलीकडचे अर्थकारण, लपविलेल्या इजा, ठरवून हरलेल्या लढती आणि निवृत्तीनंतरची मानसिक अवस्था इतिहासाच्या कक्षेत येते.

२. तपशिलासाठी या मुलाखती समकालीन कागद, चित्रफिती व न्यायालयीन नोंदी यांच्याशी ताडून पाहणे आवश्यक आहे. खेळाडूच्या भावविश्वासाठी मात्र त्या प्राथमिक साधन ठरतात.

३. आशयाबरोबर आवाजही पुरावा आहे. अली यांच्या मुलाखतींच्या अभ्यासाने हे दाखवून दिले आहे. त्यामुळे तारखांसह मूळ ध्वनिमुद्रणांचे जतन हे इतिहासकार व वैद्यक या दोघांच्याही हिताचे आहे.

४. मुलाखतींचा संग्रह कितीही मोठा झाला तरी तो बोलू शकणाऱ्यांचा संग्रह असतो. मॅक्लेलन यांच्यासारख्या खेळाडूंचे मौन त्या संग्रहात रिकाम्या जागेच्या रूपाने नोंदले गेले पाहिजे आणि ती जागा शक्य तेथे शुश्रूषा करणाऱ्यांच्या कथनाने भरली पाहिजे.

५. भारतात, विशेषतः सैन्यदलांत व राज्य पातळीवर खेळलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत, हे काम महाविद्यालयांचे इतिहास व शारीरिक शिक्षण विभाग एकत्रितपणे करू शकतात. त्यासाठी लागणारी साधने अल्पखर्चिक आहेत. वेळ मात्र थोडा आहे, कारण या इतिहासाचा साठा वृद्ध होत चाललेल्या माणसांच्या स्मृतीत आहे आणि त्यांच्या खेळाने घाव घातला तो त्या स्मृतीवरच.